बोरू, खिळा आणि कळफलक

(अंधेरी येथे झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



अंधेरी स्थानकाच्या फलाटावर रोज लाखो माणसे ये-जा करतात. डोक्यावरच्या पाटीकडे मान वर करून पाहण्याची सवड त्यांतील फार थोड्यांना असते. पाटीवरचे नाव अवघे तीन अक्षरांचे आहे. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब, दुसऱ्याच्या डोक्यावर मात्रा, तिसऱ्याच्या उजव्या अंगाला दीर्घ वेलांटी. चर्चगेटच्या दिशेने निघालेली गाडी पुढे जेथे थांबते ते विलेपार्ले. त्या नावात तर देवनागरीची सगळी परीक्षाच सामावली आहे. पहिल्या अक्षरातली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात 'व'च्या नंतर येते, पण लिहिताना ती 'व'च्या आधी उभी राहते. शेवटच्या अक्षरातला 'र' उच्चारात 'ल'च्या आधी येतो, पण कागदावर तो 'ल'च्या माथ्यावर रफार होऊन बसतो आणि तेथे आधीच असलेल्या मात्रेशी त्याला जागा वाटून घ्यावी लागते.

प्राथमिक शाळेतले मूल हे सारे वर्षभरात शिकते. हाताला त्यात काही अवघड वाटत नाही. परंतु हीच दोन नावे शिशाच्या खिळ्यांनी जुळवायची असतील, टंकलेखन यंत्राच्या पट्ट्या बडवून उमटवायची असतील, किंवा विजेच्या दिव्यांनी पडद्यावर उजळायची असतील, तर काय करावे लागते? या एका प्रश्नाने महाराष्ट्रातल्या कारागिरांना, पंडितांना, लोकनेत्यांना आणि अखेरीस संगणकशास्त्रज्ञांना दोनशे वर्षे कामाला लावले. कला आणि तंत्रज्ञान यांनी एकमेकांना कसे घडवले, याचे उदाहरण शोधायला म्हणूनच फ्लॉरेन्सला किंवा पॅरिसला जाण्याची आवश्यकता नाही. ते आपल्या रोजच्या पाटीवर आहे. अक्षर ही आपल्या समाजाची सर्वांत जुनी आणि सर्वांत घरगुती कला आहे. त्या कलेवर यंत्राने काय संस्कार केले आणि त्या कलेने यंत्राला काय शिकवले, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय.

यंत्र आले, अक्षर कोण कोरणार?

मुंबईत छापखान्याचा पहिला प्रयत्न शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, म्हणजे १६७४ मध्ये झाला. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांना आपल्याकडील प्राचीन ग्रंथ छापून घ्यावयाचे होते. त्यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला धाडला. मुद्रक आला, यंत्रसामग्री आली. परंतु त्या मुद्रकाला छापता येत होते, अक्षर कोरता येत नव्हते. पारेखांनी आपल्या माणसांकडून खिळे घडवून घेण्याचीही खटपट केली. ग्रंथ मात्र निघाले नाहीत. या प्रसंगातच पुढच्या साऱ्या इतिहासाचे सूत्र आहे. यंत्र विकत मिळते, जहाजातून आणता येते. पण त्या यंत्राच्या मुखी आपली भाषा घालणारा कलावंत आपल्या घरातच निपजावा लागतो.

सव्वाशे वर्षांनी पुण्यात नाना फडणविसांच्या आश्रयाने वेगळा प्रयोग झाला. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट यांच्या पदरच्या कारागिरांकडून एका तांबटाने खोदकामाची विद्या उचलली आणि भगवद्गीतेचे अध्याय तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरावयास घेतले. राजकारण पालटले, नाना गेले. तरी मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने ते काम पुरे झाले आणि १८०५ मध्ये गीता छापली गेली. भांडी घडवणारा हात गीता छापण्याच्या कामी आला. सुटे खिळे नव्हते, म्हणून संपूर्ण पृष्ठच कोरले गेले. लिपीच्या वळणाला यत्किंचितही धक्का लागला नाही. मात्र श्रम अतोनात झाले.

तिसरा प्रयत्न गणपत कृष्णाजी यांचा. अमेरिकन मिशनऱ्यांची शिळाछापाची कला पाहून या भंडारी गृहस्थांनी स्वतःच्या कल्पकतेने यंत्र उभारले, दगड मिळवले, शाई सिद्ध केली आणि १८३१ मध्ये पहिले मराठी पंचांग छापून प्रसिद्ध केले. तोवर पंचांग म्हणजे जोशीबुवांनी हाताने नकललेली पोथी. छापील पंचांगाला हात लावण्यास कित्येकांचा जीव धजत नसे, कारण शाईत चरबी असण्याची शंका. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरून त्या शंकेचे निरसन केल्याचे गोविंद नारायण माडगावकर यांनी 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या ग्रंथात नोंदवले आहे. समाजाची श्रद्धा आणि नवे तंत्र यांची अशी व्यवहारी सांगड घालणारा माणूस कोणा विद्यापीठात शिकलेला नव्हता.

निर्णयसागरचे वळण

शिळाछापात अक्षर हाताचेच राहते. दगडावर स्निग्ध शाईने लिहावे, आणि लिहिले तसे छापावे. परंतु मोठा ग्रंथ स्वस्त छापायचा तर सुट्या खिळ्यांना पर्याय नव्हता, आणि खिळ्यांची कला हे अत्यंत कठीण कर्म. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, कांब पाणी देऊन कठीण करायची, तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा उठवायचा आणि त्या साच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतून खिळा पाडायचा. इंग्रजीला असे शे-दीडशे खिळे पुरतात. देवनागरीला जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार यांच्यामुळे कित्येक शेकडा लागत. मुंबईच्या 'डिग्री' पद्धतीत तर एकच ओळ तीन थरांत जुळवली जाई. मध्ये अक्षरे, वर मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार. विलेपार्ल्याचे नाव जुळवणारा जुळारी डोळ्यांत तेल घालूनच बसत असे.

मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली खिळे घासण्याच्या कामाला लागलेल्या एका गरीब मुलाने ही विद्या नजरेने टिपली. जावजी दादाजी चौधरी हे त्याचे नाव. जन्म १८३९ चा. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना घातला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' मुद्रणालय उभे केले. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांत पोथीच्या बोरूचा डौल जसाच्या तसा उतरला. बोरूच्या तिरप्या कापाने येणारी जाड-बारीक रेघ, शिरोरेषेचा अखंडपणा, 'क'च्या पोटातला गोलवा, सारे त्यात होते. राणोजींनी पोलादाला बोरूसारखे लिहायला लावले!

या सौंदर्याचा परिणाम केवळ नेत्रसुखापुरता राहिला नाही. निर्णयसागरने 'काव्यमाला' आणि अन्य मालिकांतून संस्कृत ग्रंथ शुद्ध व स्वस्त छापले. काशीपासून युरोपातल्या विद्यापीठांपर्यंत ते पोहोचले. त्यांच्याबरोबर मुंबईचे अक्षरही पोहोचले. त्या काळी 'अ', 'झ', 'ण' ही अक्षरे उत्तरेत एका वळणाने, तर मुंबईकडे दुसऱ्या वळणाने लिहिली जात. आज हिंदीच्या मानक वर्णमालेत या तिन्ही अक्षरांचे जे रूप आहे, ते मुंबई वळणाचे आहे. उत्तम कारागिरीने जे साधले, ते एखाद्या फतव्याने साधले असते काय, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

मोडीने मोजलेली किंमत

प्रत्येक यंत्राच्या स्वागताची किंमत कोणी तरी मोजत असते. येथे ती मोडीने मोजली. मोडी ही वेगाची लिपी. पानभर शिरोरेषा आधी ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लोंबत ठेवत जायचे. स्वराज्याचा, पेशवाईचा, सावकारीचा आणि घरगुती पत्रांचा सारा कारभार तिच्यात चालला. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनी मोडीचेही खिळे पाडवले आणि १८१० चा त्यांचा मराठी कोश मोडी अक्षरांत छापला गेला. परंतु जी लिपी अखंड वाहण्यासाठीच जन्मली, तिचे सुटे तुकडे केले की तिचा प्राण जातो. मुंबईच्या मुद्रणाने बालबोध स्वीकारली. मोल्सवर्थ यांचा १८३१ चा कोश देवनागरीत निघाला. छापील ते सर्व बालबोध आणि हस्तलिखित ते मोडी अशी वाटणी झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळेतून व कचेरीतून निघून गेली.

त्याचे फळ आज हाती आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि राज्यभरच्या देवघरांतल्या, कचेऱ्यांतल्या गाठोड्यांत मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि ते वाचणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावीत अशी. पणजोबांनी लिहिलेले पत्र पणतूला परकीय भाषेसारखे वाटते. हा कोणा शत्रूचा घाला नव्हता. खिळा पाडणाऱ्या यंत्राजवळ मोडीला न्याय देईल अशी युक्ती नव्हती, आणि ती शोधण्याइतकी निकड कोणाला वाटली नाही, इतकेच. हाच प्रश्न उर्दूच्या नस्तालिक लिपीपुढेही होता. तिच्या भाषिकांनी वळण सोडले नाही. १९८० च्या दशकापर्यंत त्यांची दैनिके कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. पुढे मिर्झा अहमद जमील यांनी लिहिलेल्या हजारो शब्दखंडांवरून 'नूरी नस्तालिक' हा यंत्राचा मुद्राक्षरसंच सिद्ध झाला, तेव्हाच कातिबाची लेखणी थांबली. मोडीच्या वाट्याला असा अक्षरलेखक आणि असा धीर आला नाही.

लिपीने वाकावे की यंत्राने?

विसावे शतक उजाडले आणि घाई वाढली. टंकलेखन यंत्र आले, ओळीच्या ओळी ओतणारे लायनोटाइप आले. या यंत्रांत चिन्हांना जागा नव्वदच्या आसपास. रोमन लिपी त्यात आरामात मावते, देवनागरी मावेना. ज्या राष्ट्राची लिपी वेगवान यंत्रावर चढत नाही, त्याची वृत्तपत्रे, कचेऱ्या आणि शिक्षण मागे राहणार, ही भीती खरी होती. रोमन लिपीच स्वीकारावी, असे सुचवणारेही तेव्हा होते.

लोकमान्य टिळकांनी या प्रश्नाचे गांभीर्य ओळखले होते. डिसेंबर १९०५ मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या व्यासपीठावरून त्यांनी साऱ्या देशासाठी समान लिपीचा विचार मांडला; आणि 'केसरी'च्या छापखान्याचे मालक या नात्याने खिळ्यांची संख्या कशी कमी करता येईल, याचा ध्यास अनेक वर्षे घेतला. राजद्रोहाचे खटले लढणारा नेता खिळ्यांच्या खणांचा हिशेब मांडत बसतो, यातच त्या काळच्या राष्ट्रकार्याची व्याप्ती दिसते.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिपिशुद्धीचे आंदोलन उभारले. 'अ'ची बाराखडी हा त्याचा गाभा. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांसाठी निराळी चिन्हे कशाला? 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा लावावी. जोडाक्षरे एकाखाली एक न रचता शेजारी-शेजारी लिहावीत. अशाने खिळे घटतील, टंकलेखन सुलभ होईल आणि नागरी रोमनच्या बरोबरीने धावेल, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. 'किर्लोस्कर' मासिकाने अशी अक्षरे वापरून दाखवली. विनोबांनीही आपल्या परीने 'लोकनागरी'चा पुरस्कार केला. वेगवेगळ्या विचारांची ही थोर माणसे एका मुद्द्यावर एकत्र आली होती. यंत्र युगाचे आहे. लिपीने त्याच्या मापात बसावयास हवे.

या विचाराचे सरकारी टोक १९५३ च्या लखनौ परिषदेत गाठले गेले. यंत्राला अडचण नको म्हणून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवावी, असे तेथे ठरले. म्हणजे 'विलेपार्ले'तल्या 'व'ची वेलांटी उजवीकडे, आखूड दांड्याची. उत्तर प्रदेशात पुस्तकेही निघाली. परंतु लोकांच्या डोळ्यांनी ते रूप स्वीकारले नाही आणि थोड्याच वर्षांत शासनाला माघार घ्यावी लागली. सामान्य वाचकाने कोणतीही चळवळ न करता, केवळ नापसंतीने, आपल्या वेलांटीचे रक्षण केले.

सुधारक चुकले, असा याचा अर्थ काढणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांच्यासमोरचे यंत्र खरोखरच अडाणी होते आणि ते सुज्ञ होईपर्यंत वाट पाहणे राष्ट्राला परवडणारे नव्हते. त्यांचे उत्तर काळाने बाजूला ठेवले; परंतु लिपी आणि यंत्र यांचा सांधा जुळवणे हे राष्ट्रीय कार्य आहे, ही त्यांची जाणीव अजिबात शिळी झालेली नाही.

जुहूच्या गुलमोहर मार्गावर

यंत्र सुज्ञ होऊ लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण याच अंधेरी तालुक्यात घडले. स्थानकापासून पश्चिमेला, जुहूच्या गुलमोहर मार्गावर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते; तेच पुढे सी-डॅक या शासकीय संस्थेत विलीन झाले. या केंद्रातील संगणकतज्ज्ञांच्या शेजारी येऊन बसले एक सुलेखनकार. प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी. १९३६ मध्ये जन्मलेले हे कलावंत जाहिरात क्षेत्रात नावाजले, पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात त्यांनी विद्यार्थ्यांना अक्षर शिकवले, कविता लिहिल्या आणि त्या कवितांना अक्षरांतून आकार दिला. अशा माणसाने संगणकाच्या खोलीत काय करावे?

त्याने यंत्राला अक्षर म्हणजे काय, ते समजावून सांगावे! संगणकाला आकृती दिसत नाही, क्रमांक दिसतात. जागतिक युनिकोड प्रणालीत १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. त्यामागे भारतीय प्रमाणसंहितेचे, म्हणजे इस्कीचे, तत्त्व होते. अक्षरे आकारानुसार नव्हे, उच्चारानुसार साठवायची. 'अंधेरी' म्हणजे सहा क्रमांक, 'विलेपार्ले' म्हणजे दहा. व, वेलांटी, ल, मात्रा, प, काना, र, हलन्त, ल, मात्रा. तोंडाने जसे म्हणावे, तसे यंत्राच्या स्मृतीत. मग 'व'ची वेलांटी डावीकडे कोणी न्यायची? 'र'ला 'ल'च्या माथ्यावर कोणी चढवायचे? यांतले बरेचसे नियम मुद्राक्षरसंचाच्या पोटात, म्हणजे आपण ज्याला फाँट म्हणतो त्याच्या आत लिहिलेले असतात. कोणत्या अक्षराशेजारी कोणते आले की कोणाचे रूप कसे पालटते, हे ठरवणे तंत्रज्ञाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. ते बालपणी पाटीवर गिरवून, तारुण्यात बोरू घासून ज्याच्या बोटांत उतरले आहे, त्यालाच ठाऊक.

यातील विस्मयाची गोष्ट अशी की, ज्या उच्चारक्रमाला संगणकाने अखेर आधार मानले, तो आपल्या शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी हजारो वर्षांपूर्वी बांधून दिला होता. कण्ठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य असे वर्ग, आणि प्रत्येक वर्गात अल्पप्राणामागे महाप्राण. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकात 'क'च्या कळीवरच 'ख' आहे, 'त'च्या कळीवर 'थ', 'प'च्या कळीवर 'फ'. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. 'गणेशविद्या'कार ल. श्री. वाकणकर यांच्यासारखे लिपिसंशोधक भारतीय लिपींच्या या ध्वनिशास्त्रीय पायाचे महत्त्व आयुष्यभर सांगत राहिले. पूर्वजांच्या नावाने नुसता अभिमान बाळगण्यापेक्षा त्यांचे शास्त्र नव्या यंत्रात कामाला लावणे, ही अधिक सार्थ श्रद्धांजली होय.

जोशी यांनी रेखलेला 'मंगल' हा मुद्राक्षरसंच मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज २०००'बरोबर जगभर गेला. देवनागरी दाखवू शकणारी ती पहिली विंडोज. त्या काळचे पडदे जाडेभरडे. बारा मापाच्या अक्षराला मोजकेच ठिपके मिळत. तेवढ्यात शिरोरेषा, मात्रा, रफार आणि अनुस्वार एकमेकांत न मिसळता बसवायचे म्हणजे सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवण्यासारखे. म्हणूनच 'मंगल'ची अक्षरे मोकळी, पोटाने रुंद आणि ओळींत भरपूर अंतर राखणारी आहेत. त्यांच्याच हाताखाली गुजरातीचा 'श्रुती', गुरुमुखीचा 'रावी', तेलुगूचा 'गौतमी', कन्नडचा 'तुंगा' हे संच घडले. फेब्रुवारी २००८ मध्ये जोशी यांचे निधन झाले. कोट्यवधी माणसांनी त्यांचे हस्तकौशल्य रोज वाचले. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या कोणाला त्यांचे नाव मात्र ठाऊक नसेल. आरूंच्या बाबतीतही हेच झाले होते.

एका 'ल'ची गोष्ट

तेव्हा कथा येथे सुफळ संपूर्ण झाली काय? नाही. पुन्हा एकदा विलेपार्ल्याला उतरावे लागेल. त्या नावात 'ल' दोनदा येतो. मराठी शाळेत मुलाला जो 'ल' गिरवायला देतात, तो पाकळीचा. फुलाच्या दोन पाकळ्यांसारखा, उभ्या दांड्याविना. हिंदीत रूढ असलेला 'ल' उजवीकडे दांडा घेऊन उभा राहतो. तसाच 'श'. मराठीचा देठाचा, हिंदीचा गाठीचा. निर्णयसागरच्या प्रभावाने 'अ', 'झ', 'ण' उत्तरेत गेले. 'ल' आणि 'श' मात्र आपापल्या प्रांतात राहिले. 'मंगल' हा साऱ्या देवनागरीसाठी केलेला संच असल्याने त्यात दांड्याचा 'ल' आहे, आणि त्यानंतरच्या बहुसंख्य संचांतही तोच. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांचा क्रमांक एकच. कोणते दिसावे हे संच ठरवतो. परिणामी मराठी मूल वहीत एक 'ल' लिहिते आणि भ्रमणध्वनीवर दुसराच वाचते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्णय काढून मराठी वर्णमालेची वळणे निश्चित केली. परंतु कागदावरचा निर्णय पडद्यावर उतरण्यास कागदापेक्षा निराळे साधन लागते.

कोणी म्हणेल, एका 'ल'चा एवढा उहापोह कशाला? दोन्ही रूपे आपलीच, दोन्ही भाषा भगिनी. ते खरेच आहे, आणि येथे भांडण कोणत्याही भाषेशी नाही. प्रश्न एवढाच की, आपल्या अक्षराचे रूप आपण ठरवणार की सोयीनुसार दुसरे कोणी ठरवणार? मोडीही अशीच, कोणाच्याही वैरभावाविना गेली होती. शिवाय प्रश्न केवळ रूपाचा नसतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोलगट जागा. जुन्या यंत्रांना हा चंद्रकोरीसारखा रफार साधत नव्हता, तेव्हा समुद्र आणि दऱ्या एकच होण्याची पाळी आली होती. अर्थच बुडत होता. आज तो रफार संगणकावर नीट उमटतो, कारण कोणीतरी चिकाटीने तो मागितला.

याच काळातला दुसरा धडा अधिक कडू आहे. १९९० च्या दशकात गल्लोगल्ली डीटीपीची दुकाने निघाली. प्रत्येक कंपनीचा मराठी संच निराळ्या क्रमांकांवर बेतलेला. एका यंत्रावरचा मजकूर दुसऱ्यावर नेला की अक्षरांच्या जागी चौकोन आणि विचित्र खुणा. संस्थांच्या स्मरणिका, शतकमहोत्सवी ग्रंथ, लेखकांची हस्तलिखिते अशा चकत्यांवर अडकून पडली, आणि त्यांतले किती तरी आज उघडता येत नाही. गणपत कृष्णाजींचे पंचांग १८३१ चे असून वाचता येते. आपले तीस वर्षांपूर्वीचे लिखाण वाचता येत नाही! टिकाऊ शिळेवरून आपण नाशवंत चुंबकावर आलो आणि त्याची जाण ठेवली नाही.

आपल्या हाती काय आहे?

निराश होण्याचे कारण मात्र नाही. मुंबईतल्या 'एक टाइप'सारख्या तरुण अक्षरकारांच्या गटाने 'मुक्ता', 'बालू' हे संच घडवून सर्वांसाठी विनामूल्य खुले केले आहेत. अच्युत पालव यांच्यासारख्या सुलेखनकाराने मोडीचा अभ्यास करून तिच्या वळणाला नव्या सुलेखनात स्थान दिले. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्वतःचे क्रमांक मिळाले. तिचे अखंड वळण सांभाळणारे नियम आता खिळ्यात नव्हे, संचाच्या पोटात लिहिता येतात. ज्या यंत्रयुगाने तिला घराबाहेर काढले, त्याच यंत्राने तिला दार उघडून दिले आहे. कॅनडातील टायरो टाइपवर्क्सने निर्णयसागरच्या परंपरेचे वळण समोर ठेवून केलेल्या 'तिरो देवनागरी' या संचाची मराठीसाठी स्वतंत्र आवृत्ती आहे. परदेशी कलावंतांनी आपल्या जावजींचे ऋण मानावे, ही आनंदाची गोष्ट. आपण ते विसरावे, ही लाजेची.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर्जा दिल्लीहून मिळतो. अक्षर घरात सांभाळावे लागते. त्यासाठी थोर त्यागाची आवश्यकता नाही. आपल्या संस्थेची स्मरणिका, लग्नपत्रिका, मंडळाचा फलक करताना मराठी वळणाचा आणि युनिकोडचा संच मागावा. दुकानदाराला ठाऊक नसेल तर सांगावे. भ्रमणध्वनीवर मराठी लिहिताना रोमन अक्षरांचा आश्रय सोडावा. जुन्या चकत्यांवरचा संस्थेचा मजकूर वाचता येतो आहे तोवर नव्या प्रमाणात उतरवून घ्यावा. घरात मोडी कागद असतील तर ते जाणकाराला दाखवावेत. आणि मुलाची चित्रकलेची ओढ पाहून आईवडिलांनी एवढे लक्षात ठेवावे, की संगणकाच्या युगातही अक्षर रेखणाऱ्या हाताला काम आहे, मान आहे. तो हात नसेल, तर यंत्र १६७४ प्रमाणेच मुके राहील.

साडेतीनशे वर्षांच्या या वाटचालीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. तांबट, भंडारी गृहस्थ, खिळे घासणारा मुलगा, सुलेखनकार. जेव्हा जेव्हा आपला कारागीर यंत्राच्या शेजारी जाऊन बसला, तेव्हा यंत्र आपल्या लिपीत बोलू लागले. जेव्हा ती जागा रिकामी राहिली, तेव्हा लिपीचा एखादा अवयव गळून पडला. आज यंत्र नव्याने बदलते आहे; ते आता स्वतः लिहू, वाचू आणि बोलू पाहते आहे. त्याच्या शेजारची जागा पुन्हा रिकामी आहे. तेथे कोण बसणार, हे या सभागृहातल्या घराघरांत ठरायचे आहे.

परतीच्या वाटेवर अंधेरी स्थानकाच्या पाटीकडे क्षणभर मान वर करून पाहावे. त्या टिंबाला, मात्रेला आणि वेलांटीला आपापल्या जागी पोहोचवण्यासाठी किती हात राबले आहेत, याचे स्मरण झाले तरी आजचे व्याख्यान सार्थकी लागले.